खड्ड्यातली गोकुळाबाई

रागाच्या भरात कोणी गोकुळाबाईला "खड्ड्यात जा" म्हटलं, तरी ती चिडत नाही. "तिथीच तर चालली, भाऊ," म्हणते, कनवटीची लवंग काढून दाढेखाली धरते आणि खरोखरच खड्ड्यात उतरते. वडशाच्या रानफूल नाट्यमंडळाची ती प्रॉम्प्टर. पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत नाटकाचा रंगमंच उभा राहतो तेव्हा त्याच्या पुढच्या कडेला, बरोबर मधोमध, माणूस बसेल एवढा एक खड्डा ठेवतात. त्यात बसून अख्खं नाटक नटांना वाचून दाखवायचं. धान कापून झाला की मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात, रोज नवं गाव, नवा मांडव, आणि तालमी म्हणाल तर नावाला. त्यामुळे मंडळातल्या नटांचं पाठांतर म्हणजे गोकुळाबाईचा आवाज. हा आवाज मागच्या पडद्याजवळच्या नटाला चुकत नाही आणि पहिल्या रांगेतल्या पोराला ऐकू जात नाही.

हे कसब ती कुठे शिकली, तर डोंग्यात. तळ्याकाठच्या ढिवराची ती पोर. बाप जाळं टाकायचा तेव्हा मासे बिचकू नयेत म्हणून घरातली सगळी भांडणंसुद्धा हळू आवाजात व्हायची. पुढे ती मंडळात कपड्यांना इस्त्री करायला आली. एका मंडईत जुन्या प्रॉम्प्टरचा घसा तंबाखूच्या खर्ऱ्याने बसला आणि हिला खड्ड्यात ढकललं, ती बाहेर आलीच नाही. मध्ये एक लग्नही झालं. नवरा तबलजी होता. तो दुसऱ्या कंपनीत गेला आणि तिथल्याच ठेक्यात रमला. गोकुळाबाईने त्याचं दुःख हंगामभर केलं, मग पाऊस पडला, धानाची रोवणी आली, आणि राहून गेलं.

मंडळाचे मालक सोमाजीभाऊ गुडघ्यांनी बसले, तेव्हा त्यांचा मुलगा लोकेश गादीवर आला. पोरगा गुणी. ऊर्जानगरात कंत्राटावर कॉम्प्युटर चालवून आलेला. त्याने आल्या आल्या नाटकाचं जुनं, चहाच्या डागांचं, कडा कुरतडलेलं बाड ट्रंकेत घातलं आणि 'बहीण उभी कचेरीत' हे यंदाचं नाटक टाइप करून एका सामायिक फोल्डरमध्ये टाकलं.

"आता नाटक सगळ्यांच्या फोनात," त्याने ओसरीवर सगळ्यांना बसवून सांगितलं. "एका जागी बदल केला का सगळ्यांकडे आपोआप बदलते. विंगेत उभं राहा, फोन पाहा, स्टेजवर जा."

"मंग मी?" गोकुळाबाईने विचारलं.

"तुम्ही हा हंगाम बसा, बाई, सवयीनं. माझा टॅब देतो तुमाले. पुढच्या वर्षी खड्डाच बुजवून टाकू. तुमचे पाय पण आखडून राह्यले ना."

त्याने हे प्रेमाने म्हटलं, तेच जास्त लागलं. शिवी दिली असती तर परत देता आली असती. गोकुळाबाईला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पाय आखडत होते हे खरंच होतं. पण खड्ड्याबाहेर तिला विचारणारं कोण होतं? नाटकाआधी माइकवरून तबलजीपासून दिवे लावणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं घेत, प्रॉम्प्टरचं घेत नसत. तिचं नाव असं होतंच कुठे, ती जागा तेवढी होती. आता जागाही जाणार.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर निरोप आला. पत्रूभाऊ चष्मा घरी विसरले होते. हे पत्रूभाऊ म्हणजे मंडळाचे कायमचे खलनायक. मिशा घरच्या, आवाज रेड्याचा, आणि हयात प्रत्येक नाटकात मरण्यात गेलेली. त्यांनी फोन गोकुळाबाईपुढे धरला. "काय आलं पाहा बरं, बाई."

गोकुळाबाईने वाचलं. "लोकेश यांनी तुम्हाला या फोल्डरमध्ये… दर्शक म्हणून जोडले आहे."

फोनच्या भाषेत दर्शक म्हणजे नुसतं वाचणारा, फाईलला हात न लावू शकणारा. पण झाडीपट्टीत दर्शक म्हणजे तिकीट काढून, चादर पांघरून, शेंगदाण्याची टरफलं पुढच्याच्या डोक्यात पाडत बसणारा माणूस. गोकुळाबाईने लिहिलं होतं तेच वाचलं, एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. फक्त त्या शब्दाआधी ती किंचित थांबली. कुठे थांबलं की शब्द काळजात रुततो, हे तिच्याइतकं कोणाला कळणार?

"दर्शक? मले?" पत्रूभाऊंच्या मिशा थरथरल्या. "जिंदगीभर स्टेजवर मरून राह्यलो, आन आता हा पोट्टा मले समोर बसवून राह्यला?"

"मले काय समजते, भाऊ? लिहून तर तसंच हाय."

चहा होईस्तोवर बंड पेटलं. नायिका दिव्यानी रडली, नायक पिंटूने मेकअपची पेटी आपटली, विनोदी कामं करणारा मंगरू पहिल्यांदाच गंभीर झाला. आम्हाला कलाकार करत नाही तोवर गाडीत पाय ठेवत नाही, असं सगळ्यांनी ठणकावलं. लोकेशने समजावून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. फोनमध्ये 'कलाकार' असं काही मिळेना. होते ते तीनच पर्याय, दर्शक, टिप्पणी करणारे आणि संपादक. टिप्पणी करणारे तर ते सगळे आधीपासूनच होते. शेवटी कंटाळून त्याने झाडून सगळ्यांना संपादक करून टाकलं. पत्रूभाऊंची छाती फुगली. त्यांचा भाचा चंद्रपुरात घरोघर पेपर टाकायचा, त्यामुळे संपादक म्हणजे केवढी असामी हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

आणि मग माकडाच्या हाती कोलीत.

गोकुळाबाई टॅब मांडीवर घेऊन बसायची आणि तिला सगळं दिसायचं. पानावर रंगीत काड्या हलायच्या आणि प्रत्येक काडीवर नाव. दिव्यानीची काडी आली की रडणं दुप्पट व्हायचं. पिंटूची आली की बंदुकीत गोळ्या वाढायच्या. मंगरू ज्या प्रवेशात नव्हता त्यातही हवालदार होऊन शिरला, अगदी मधुचंद्रातसुद्धा. एकाने घातलेलं दुसरा पुसायचा, आणि पुसलं की सगळ्यांच्याच फोनातून पुसलं जायचं. भांडणं झाली. तेव्हा प्रत्येकाने हळूच आपली आपली प्रत काढून ठेवली. फोल्डरमध्ये 'बहीण अंतिम' होती, 'बहीण अंतिम एक' होती, 'बहीण खरंच अंतिम' होती. अखेर लोकेशने हात जोडून 'खरंच अंतिम' तेवढी खरी ठरवली आणि सगळ्यांना ती फोनात उतरवून घ्यायला लावली. तिच्यात पत्रूभाऊ मरत होते.

एटापल्लीकडच्या एका गावातल्या मंडईला मंडळाची गाडी निघाली. आलापल्लीचं जंगल लागलं तसं फोनचं नेटवर्क गेलं. मागच्या बाकावर पत्रूभाऊ फोन नाकाशी धरून, जीभ बाहेर काढून अंगठ्याने काहीतरी टाइप करत होते.

"कोनाले मारून राह्यले, भाऊ?" गोकुळाबाईने विचारलं.

"मारून नाई राह्यलो," पत्रूभाऊ डोळे मिचकावत म्हणाले. "वाचून राह्यलो. गोळी लागतच नाई मले. पिंट्या पाय धरून माफी मागते."

गोकुळाबाईने त्यांच्या फोनकडे पाहिलं. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, नेटवर्क आल्यावर बदल पाठवले जातील. म्हणजे पत्रूभाऊ वाचल्याची खबर एकट्या पत्रूभाऊंच्या फोनला होती. बाकी सगळ्यांच्या फोनात ते मेलेलेच होते. लोकेश पुढच्या बाकावर होता, हाक मारायचा अवकाश. तिने तोंड उघडलंही. मग 'खड्डाच बुजवून टाकू' आठवलं, आणि उघडलेल्या तोंडात तिने लवंग टाकली.

मांडव खचाखच भरला होता. पहिला अंक झकास झाला. दुसऱ्यात तो प्रवेश आला. विधवा सुनेची शेती बळकावणारा सासरा म्हणजे पत्रूभाऊ, तिचा भाऊ म्हणजे पिंटू. पिंटूने बंदूक रोखली, मागे फटाका फुटला, ऑर्गनवाल्याने सूर लांबवला. पत्रूभाऊ मिशीवर ताव देत उभेच.

पिंटू त्यांच्या पडण्याची वाट पाहत होता. पत्रूभाऊ पाय धरले जाण्याची वाट पाहत होते.

"पडा ना, भाऊ," पिंटू दातांतून म्हणाला.

"काऊन पडू? तू पाय धर."

वर टांगलेल्या माइकने हे सगळं मांडवाला ऐकवलं. हशा उसळला. तेवढ्यात सून झालेली दिव्यानी धावत आली. तिच्या फोनात सासऱ्याचं प्रेत होतं. जिथे ते असायला हवं तिथे तिने अंग टाकलं आणि मोकळ्या फळ्यांवर डोकं ठेवून हंबरडा फोडला. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ बाई, मुर्दा उभा हाय!" शिट्ट्या सुरू झाल्या. विंगेत लोकेश हात उंच करून, टाचा वर करून नेटवर्क शोधत होता. टॅबवर एक गोल गोल गोल फिरत होता.

गोकुळाबाईची गंमत तिथेच संपली. इतकी वर्षं माणसं तिच्या नाटकात हसली होती, आज नाटकाला हसत होती, आणि ते ऐकवत नव्हतं. तिने टॅब पालथा घातला. एका फायलीत माणूस मेलेला, दुसरीत जिवंत, आणि दोन्ही खऱ्या. आता करायचं काय? मग तिला उमगलं, की मेला तरी हिंडतो अशा माणसाला आपल्याकडे फार जुनं नाव आहे.

तिने दिव्यानीवर आवाज सोडला. "रडणं बंद. वर पाहा. किंचाळ." दिव्यानी किंचाळली. "'मामंजी, तुमचे पाय असे उलटे का?'"

दिव्यानीने विचारलं. मांडव गप्प झाला. पत्रूभाऊंनी दचकून स्वतःच्याच पायांकडे पाहिलं, आणि ते पाहणं इतकं खरं होतं की पुढच्या रांगेतली पोरं आयांना बिलगली.

खड्ड्यातून पुढचं आलं, आणि फोनात नसलेलं ते वाक्य पत्रूभाऊंनी रेड्याच्या आवाजात मांडवावर सोडलं. "गोळीनं देह कधीच पडला, सूनबाई. पण तुझ्या शेतीत अडकलेला हा जीव बांधावरून हलत नाही!"

टाळी पडली. त्यानंतर गोकुळाबाई थांबलीच नाही. भूत कचेरीत आलं. मंगरू हवालदार ओरडला, "साहेब, साक्षीदार हजर आहे, पण त्याच्या अंगठ्याचा ठसा उमटत नाही!" भुताने साक्ष दिली, भाऊ सुटला, शेती बहिणीला मिळाली. पत्रूभाऊंनी सुनेची हात जोडून माफी मागितली आणि मग स्वतःच्या मर्जीने, सावकाश, दुसऱ्यांदा मेले. जन्मभरात पहिल्यांदाच त्यांच्या मरणावर बाया रडल्या.

सकाळी आजूबाजूच्या गावांचे लोक गाडीपाशी हजर. सगळ्यांना "ते भूतवालं" नाटक हवं होतं. लोकेशने फोल्डर पालथं घातलं, पण एकाही बहिणीत भूत मिळेना. नटांना विचारावं तर पत्रूभाऊंना आठवत होतं की सगळं नाटक ते एकटेच बोलले, आणि दिव्यानीला आठवत होतं की ती.

गोकुळाबाई गाडीच्या पायरीवर पाय चोळत बसली होती. लोकेश तिच्यासाठी चहा घेऊन आला, शेजारी बसला. "सांगा, बाई. मी टाइप करतो."

तिने सांगितलं. भूत कचेरीच्या दारात येईपर्यंत सांगितलं आणि चहा उचलला.

"पुढं?"

"पुढचं खड्ड्यात हाय."

"म्हणजे?"

"तू बुजवणार होता ना तो? तिथीच ठेवलं हाय."

लोकेश आधी हसला. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं. लहानपणी नाटकाच्या वेळी झोप आली की तो त्याच खड्ड्यात, याच बाईच्या मांडीवर झोपायचा. तो खाली बघत म्हणाला, "पुढच्या वर्षी पण बसाल ना, बाई?"

"बसीन. खड्डा जरा रुंद कर. पाय आखडतेत." गोकुळाबाईचे डोळे भरले होते, म्हणून तिने चहा गरम असल्याचं सांगितलं. "आन पोटभर संपादक झाले आता. सगळ्यायले दर्शक कर."

"पुन्हा भडकतील ना!"

"तू कर तर."

परतताना नेटवर्क लागलं तसा निरोप आला. पत्रूभाऊंचा चष्मा अजून घरीच होता. त्यांनी फोन पुढे धरला आणि गोकुळाबाईने वाचलं. या वेळी ती त्या शब्दाआधी थांबली नाही, त्याच्यानंतर थांबली. "दर्शक… म्हणजे लोक ज्याचं दर्शन घ्याले येतात तो, भाऊ."

पत्रूभाऊंनी मिशीवरून हात फिरवला. "आता कसं बरोबर बोलला पोट्टा," ते म्हणाले.

फाईलच्या शेवटच्या पानावर आजही एकच ओळ आहे, 'पुढचं बाईला विचारा.' रोज पडदा वर जाण्याआधी नावांची यादी वाचली जाते, त्यात आता खड्ड्यातल्या गोकुळाबाईंचंही नाव असतं. आणि रोज त्याच वेळी पत्रूभाऊ रंगमंचाच्या कडेला उकिडवे बसून खाली वाकतात.

"बाई, आज मरतो का वाचतो मी?"

"कान इकडं ठेवा, भाऊ," खड्ड्यातून आवाज येतो. "मंग सांगीन."