पंतोजींची पहिली रांग

माणसाचं नाव ऐकून त्याची अक्कल, त्याची भूक, त्याचं अक्षर आणि त्याच्या बैलाची चाल बिनचूक सांगणारा एकच महापुरुष या भूतलावर होऊन गेला, आणि तो आमच्या गावच्या शाळेत पंतोजी होता. ‘बिनचूक’ हा शब्द त्यांचा. आम्हा गावकऱ्यांच्या आठवणीत त्यांचं एकही भाकीत खरं ठरलेलं नाही. पण वर्षानुवर्षं न थकता, न लाजता चुकत राहणं हीसुद्धा काही साधी विद्या नव्हे.

आमचं गाव अकोल्याहून बार्शीटाकळीला जाणाऱ्या वाटेवरचं. दूर समुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी आमच्या काळ्या रानातल्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. कोण कोणाशी लढतंय हे गावात एकालाही ठाऊक नव्हतं, पण लढाई लवकर मिटू नये म्हणून मारुतीला नारळ मात्र नेमाने फुटत होते. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या आल्या होत्या. लोक जरीचा पटका बांधून वखरामागे चालत होते. शाळाही कापसाच्या एका वखारीच्या पडवीत भरायची. वाऱ्याची झुळूक आली की कापसाचे पुंजके उडत, निम्मे दौतीत पडत आणि उरलेले पंतोजींच्या मिशीवर बसत. पंतोजी घाटावरचे, अंगाने काडी, आवाजाने नगारा. तपकिरीची चिमूट ओढून ते शिंकले की पहिल्या रांगेच्या पाट्या आपोआप पुसल्या जात.

नवा मुलगा आला की ते त्याचं वय विचारीत नसत, बापही विचारीत नसत. “नाव?” एवढंच. नाव कळलं की डोळे मिटून ते जिभेवर घोळवीत, विड्यासारखं चघळीत, आणि मग बोट करीत. बोट जाईल ती जागा जन्माची. पहिली रांग देवांची आणि राजांची. तिथे रामचंद्र, कृष्णा, शिवाजी अशी मंडळी मांडी घालून बसत. दुसरी रांग संतांची, कारण नामदेव-तुकारामांनी मागे बसून नम्रता शिकावी. तिसरीत माणिक, मोती आणि हिरा. “हे चकाकतील, पण घासावे लागतील,” असं म्हणून पंतोजी त्यांना छडीने रोज घासायचे. आणि अगदी शेवटी, दाराजवळ, वहाणांच्या ढिगाशेजारी दगडू, धोंडू, केरबा आणि उकंडा, म्हणजे उकिरडा. “दगडावर ओरखडा निघेल, अक्षर उमटणार नाही,” असं सांगून ते तिकडे फिरकतच नसत.

माझं नाव गणेश. पहिल्या दिवशी पंतोजी उठून उभेच राहिले. “महाभारताचा लेखनिक आमच्या पडवीत!” वास्तविक माझं अक्षर म्हणजे चिखलातून खेकडा गेल्याची खूण. खुद्द मलाही ते दुसऱ्या दिवशी वाचता येत नसे. पण पंतोजी पाटी दूर धरीत, जवळ धरीत, आणि म्हणत, “देवाची लिपी आहे. माणसाला कशी कळावी?” सबंध बालपण मी असा फुकटचा विद्वान होऊन काढलं.

हे वेड शाळेपुरतं असतं तर निभावलं असतं. एकदा त्यांना तातडीने अकोल्याला जायचं होतं. वेशीवर दोन गाड्या उभ्या. एकीला रेंग्या नावाचा धट्टाकट्टा बैल, दुसरीला पवन्या नावाचा, पाय ओढत चालणारा, म्हातारा. पंतोजी अर्थातच पवन्याच्या गाडीत चढले. रेंग्या दुपारी अकोल्याला पोचून, वैरण खाऊन, संध्याकाळी परत येत होता तेव्हा पंतोजी निम्म्या वाटेवर बाभळीखाली बसलेले दिसले. गाडीवान म्हणाला, “काहून पंतोजी, अजून इथंच?” पंतोजी शांतपणे म्हणाले, “वारा पडला आहे.”

आणि मैनाबाई! ही आमच्या बाजारात भाजी विकणारी माळीण. तिने वांग्यांची आरोळी दिली की बार्शीटाकळीचे लोक पिशव्या घेऊन निघत. पण नाव मैना, म्हणून पंतोजींच्या लेखी ती मंजुळ. ते रोज तिच्यापुढे उभे राहून एकेक वांगं दाबून पाहत आणि ती रोज त्यांना सोलून काढी. “वांगं घेऊन राहिले का नाडी पाहून राहिले, ओ पंतोजी? घ्याचं असन तं घ्या, नाई तं सरका तिकडं!” सगळा बाजार हसायचा. पंतोजी मात्र मान डोलावत घरी येत आणि सांगत, “काय गळा आहे!”

हळूहळू गावात बातमी पसरली की पोराला पुढे बसवायचं तर नाव बदलावं लागतं. कापसाने हात मोकळे झालेलेच होते. दगडूचा बाप एका सकाळी पेढ्यांची परात घेऊन पडवीत आला. “पंतोजी, पोट्ट्याचं पुन्हा बारसं केलं. आजपासून त्याले राजाराम म्हना अन् पुढं बसवा.” दगडू पुढे आला. पण हजेरीत ‘राजाराम’ पुकारला की तो इतरांसारखाच मागे वळून पाही, हा कोण नवा आला म्हणून. चार दिवस पंतोजींनी त्याला समोर बसलेला असताना गैरहजर मांडलं. दगडूचं पाहून धोंडू आणि केरबाही राजाराम झाले. पंधरवड्यात वर्गात तीन राजाराम होते आणि त्यांतल्या एकालाही ते आपण आहोत असं वाटत नव्हतं.

वहाणांपाशी एकटा उकंडा उरला. मैनाबाईचा हा एकुलता एक पोरगा. काळा, किडकिडीत, डोळे मोठे. पंतोजींनी पहिल्या रांगेला साडेतीनच्या पाढ्यातलं विचारावं, “सतरा औटे?” आणि आम्ही देव-राजे छताकडे पाहत असताना दारातून हलकेच आवाज यावा, “साडेएकोणसाठ.” पंतोजी माझ्या पाठीवर थाप मारीत. “आवाज भिंतीवर आपटून मागून आला, पण बुद्धी पुढची!” मी मान खाली घाली. लाजेने नव्हे, हसू दिसू नये म्हणून.

अशात निरोप आला की अमरावतीहून तपासनीस येणार आहेत, आणि प्रत्येक शाळेतून एक मुलगा निवडून अमरावतीच्या मोठ्या शाळेत नेणार आहेत. राहणं-जेवण तिकडेच. उकंडा त्या दिवशी प्रथमच आपणहून बोलला. “मले जाचं हाय, पंतोजी.” पंतोजींनी त्याच्याकडे पाहिलं, चिमूट ओढली आणि म्हणाले, “आईला सांग, आधी नाव बदल. या नावाचा मुलगा मी तपासनिसांपुढे कसा उभा करू?”

दुसऱ्या दिवशी मैनाबाई पडवीच्या पायरीशी आली. आम्ही सगळे कान झाकून तयारीत बसलो. पण तिचा आवाज इतका खाली होता की पंतोजींना पुढे वाकावं लागलं.

“पोरगं रातभर जेवलं नाई, पंतोजी. नाव बदल म्हनते. कसं बदलू? याच्या आधी तीन झाले माह्ये. राम, लक्षुमन अन् किसना. तुमच्या पयल्या रांगेतलेच. एक बी चालाले लागला नाई. हा झाला तसा उकिरड्यावर नेऊन ठेवला, शेजारनीनं उचलून माह्या पदरात टाकला, अन् मंग नाव ठेवलं. देवाले वाटलं पायजे का हा कचरा हाय, कोनाले नको. म्हनून हाय तो. पुढं नका बसवू, पन नाव नका बदलाले लावू.”

 घाटावर काय असे नजर चुकवायला ठेवलेले धोंडू नसतील? पण इतक्या वर्षांत पंतोजींनी नावात पोराचं पाणी जोखलं होतं. त्यात आईची भीती असेल हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ते पहिल्या रांगेतल्या रामचंद्राकडे आणि कृष्णाकडे बराच वेळ पाहत राहिले. त्या दिवशी शाळा लवकर सुटली.

पंतोजींना अर्धवट काही करताच येत नसे. दुसऱ्या दिवसापासून ते नजर लागण्याच्या भीतीने मैनाबाईपेक्षाही जास्त पछाडले. उकंडा आला रे आला की गर्जना: “आला का मठ्ठशिरोमणी! बैस, मातीच्या ढेकळा!” शिव्या सगळ्या गावाला ऐकू जाव्यात म्हणून ते पडवीच्या काठावर येऊन देत. आणि शाळा सुटली की त्याच ढेकळाला समोर बसवून त्रैराशिक, पावकी, मोडी असं एकेक हलक्या आवाजात शिकवीत. मैनाबाई बाजारात बसून त्या शिव्या ऐके आणि तिचा चेहरा खुले. पंतोजींना आता निवडक वांगी मिळू लागली, तीही न दाबता. मी एकदा धीर करून विचारलं, “पंतोजी, मग नावाचं शास्त्र खोटं का?” तर म्हणाले, “खोटं कसं होईल? एक कलम वाढलं.”

तपासनीस आले. अमरावतीकडचेच गृहस्थ, धिप्पाड, डोळे बारीक. उकंड्याची आई टोपली घेऊन दाराशी उभी होती. तिच्या पोराचा निकाल आता पंतोजींच्या जिभेवर होता. तपासनिसांनी विचारलं, “सर्वांत हुशार मुलगा कोणता?” आणि पंतोजींना घाम फुटला. नाव घ्यावं तर नजर, न घ्यावं तर अमरावती गेली.

“ते मला सांगता येणार नाही,” पंतोजी म्हणाले. “पण सर्वांत मठ्ठ हा. याच्याकडे पाहूसुद्धा नका. आणि याला त्रैराशिक तर मुळीच विचारू नका. विचारलंत तर अवघडच विचारा, म्हणजे चांगली फजिती होईल.”

तपासनिसांनी भुवई उचलली. “पाच गाड्यांत पस्तीस गठ्ठे, तर तेरा गाड्यांत...”

“एक्याण्णव,” उकंडा म्हणाला.

“चुकून आलं!” पंतोजी ओरडले. “आणखी अवघड विचारा!”

आणखी विचारलं, आणखी आलं. प्रत्येक उत्तराला पंतोजी “योगायोग!” म्हणून गर्जत होते आणि डोळे पुसत होते. “तपकीर फार लागली,” असं त्यांनी तीनदा सांगितलं.

तपासनिसांनी पोराला नाव विचारलं. त्याने सांगितलं. मग ते दाराकडे वळले आणि त्यांच्या तोंडची शुद्ध भाषा एकदम गळून पडली. “आधी किती गेले, माय?”

“तीन, बाप्पा.”

“मंग बराबर करून राहिले तुमी, पंतोजी,” ते म्हणाले. “द्या इकडं हा मठ्ठ पोट्टा. आमच्याकडं अशाचीच कमी हाय.”

दाखला लिहिताना पंतोजींनी आपलं सर्वांत सुंदर अक्षर काढलं. मग थबकले, बोट दौतीत बुडवलं आणि त्या सुंदर नावाच्या बाजूला कागदावर काळी तीट लावली. तपासनिसांनी ती फुंकून वाळवली आणि कागदाची घडी घातली. मैनाबाईने आनंदाने जी हाळी दिली ती अकोल्याला ऐकू गेली असावी. “काय गळा आहे!” पंतोजी म्हणाले, आणि या वेळी आम्हालाही ते पटलं.

उकंडा नव्या आगगाडीने बडनेऱ्यावरून अमरावतीला गेला, शिकला, आणि पुढे सडकांवर ओव्हरसिअर झाला. नाव तेच ठेवलं.

इकडे तो गेल्यावर थोड्याच दिवसांत ती दूरची लढाई संपली म्हणे, कापूस उतरला, बैलांच्या शिंगांवरची चांदी निघाली. पडवीतली शाळा मोडली आणि पंतोजी घाटावर परत निघाले. मी पाया पडायला वेशीपर्यंत गेलो. इतकी वर्षं मी ‘साक्षात गजानन’ ऐकलं होतं, आणि खरं सांगतो, उकंड्याच्या वाट्याच्या त्या शिव्यांचा मला मनातून फार हेवा वाटे. पंतोजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, इकडेतिकडे पाहिलं, आणि सगळ्या वेशीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “गणेशा, तुझ्याइतका ठोंब्या मी उभ्या जन्मात पाहिला नाही!”

मी रडत घरी आलो. आईने विचारलं, “काय झालं? कोणी मारलं?” मी म्हटलं, “नाही गं. पंतोजींनी मला ठोंब्या म्हटलं,” आणि रडता रडता हसू लागलो. तिला काही उलगडा होईना.

आज मिशा पांढऱ्या व्हायला लागल्यावर कधी कधी शंका येते, की पंतोजींनी त्या दिवशी फक्त खरं ते सांगितलं असेल. माझं अक्षर पाहता तीच शक्यता जास्त. विचारायला ते पुन्हा भेटले नाहीत, आणि भेटले असते तरी मी विचारलं नसतं.