काचेपलीकडचा लाईल

आमच्या राज्य ग्रंथालयात अंध लोकांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात. पैसा वॉशिंग्टनहून येतो आणि येताना अटींचं लटांबर घेऊन येतो. यंदाची अट अशी, की जुन्या ध्वनिमुद्रणांतल्या चुका दुरुस्त करा; ते जमत नसेल तर पुस्तक दुसऱ्या आवाजात करा आणि जुनं पुसून टाका. हे लिहिणाऱ्याला लहानपणी कुणी गोष्ट वाचून दाखवली नसणार.

आर्डिस क्वाले आमच्याकडे वर्षानुवर्षं वाचायची. ती आतल्या बंद खोलीत बसे आणि काचेबाहेर तिचा नवरा लाईल, तेच पुस्तक हातात धरून, हेडफोन लावून. चूक झाली की तो पेन्सिलीने काचेवर टकटक करायचा. मग ती वाक्य पुन्हा वाचायची. लाईलच्या कानातून चूक निसटत नसे. “लग्नाच्या शपथेतही टोकलं होतं मला,” आर्डिस सांगायची.

लाईल गेला. पुढे आर्डिसची नजरही गेली, आणि आम्ही तिला टपालाने तिचीच पुस्तकं पाठवू लागलो.

एका दुपारी तिचा फोन आला. “जनेल, आमचं शेवटचं पुस्तक ऐकलं. एक ओळ दोनदा वाचलीय. पुढे तर अख्खं पान गाळलंय. लाईलने मला एकदाही थांबवलं नाही गं.”

“डुलकी लागली असेल.”

“त्याला? चर्चमधल्या प्रवचनातसुद्धा टक्क जागा असायचा तो!” मग तिचा आवाज उतरला. “ते पुस्तक करत होतो त्या हिवाळ्यात किटली शिट्टी घालत राहायची आणि हा शेजारी बसून पेपर वाचायचा. मी त्याला आळशी म्हणाले. अगं, त्याला ऐकूच येत नव्हतं! नुसता माझ्याकडे बघून मान डोलवत होता. सांगितलं असतं तर काचेबाहेरची ती खुर्ची गेली असती ना. आणि मी मेली घरी जाताना मिरवत होते, बघ, आज एकही चूक नाही म्हणून!”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आता ते लावलं की माझ्या आवाजामागे तो गप्प बसलेला ऐकू येतो,” ती म्हणाली. “बंद केलं तरी बसलेलाच असतो.”

“आपण दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ.”

“खबरदार! त्याचं राहिलेलं मीच निस्तरणार.”

ती आली आणि आतल्या खोलीत बसली. मी लाईलच्या खुर्चीत बसले आणि उगाच वाटलं, कुणाला तरी उठवून बसलेय. मी माईकवरून एकेक वाक्य हळूच तिच्या हेडफोनमध्ये सांगायची, ती ते वाचल्यासारखं म्हणायची. आवाज थकलेला, पण डळमळत नव्हता. तोंड सारखं काचेकडे. मध्येच तिने एक शब्द गाळला. मी सवयीने काचेवर पेन्सिल वाजवली.

आर्डिस थांबली. तिचा चेहरा असा उजळला, की मला बघवेना.

“लाईल?”

“नाही, आर्डिस. मी आहे.”

“ठाऊक आहे गं,” ती म्हणाली. “जरा उशिरा सांगायचंस.”