गौराबाईच्या माहेरची रीत

गौराबाई एका जागी बसेल तर शपथ. सकाळपासून झाडलेला गोठा पुन्हा झाडला, घासलेली भांडी पुन्हा घासली, आणि शेवटी खालापूरहून कर्जतची एसटी धरलीच.

तिच्या हाताला गुण आहे, असं गाव म्हणायचं. कुणाची गाय अडली की बोलावणं तिलाच. तोंडानं फटकळ, पण गाय मोकळी झाल्याशिवाय चहाला शिवायची नाही. तिच्या माहेरची एक रीत होती. गाईची वार, म्हणजे वासरामागून जे पडतं ते, पोटुशा बाईच्या हातानं उंबराला टांगायची. दुधाला तोटा पडत नाही म्हणे!

आषाढात, बाजारातून आणलेली नवी गाय दिवस भरत आलेले असताना गाभडली, वासरू मेलेलंच पडलं. वार अडकली, ती गौराबाईनं हातानं सोडवली आणि नुकतेच दिवस गेलेल्या सुनेच्या, समीक्षाच्या, ओंजळीत दिली. समीक्षाला शिसारी आली, पण सासूपुढे बोलणार कोण? श्रावणात तिला ताप भरला आणि गर्भ पडला. दिवाळीत दुसरी गाय गाभडली, तेव्हा गौराबाईनं सगळं खापर सुनेच्या डोक्यावर फोडलं. "तुझी सावली पडली माज्या गोठ्यात!" पोर कर्जतजवळ भिसेगावला माहेरी गेली. गौराबाईचा मुलगा साईनाथ रसायनीला कामावर जातो. आईपुढे त्याची जीभ कधी उचललीच नाही.

सून गेली तरी तिसरी गाय गाभडलीच. आता खापर कुणावर फोडणार? गुरांचे डॉक्टर अजेय रक्त घेऊन गेले, आणि आज सकाळी दारात उभे राहिले.

"मावशी, हा जंतूंचा रोग आहे. वारेतून पसरतो, माणसालाही होतो. कुणी हात लावला होता?"

"मी."

"आणखी?"

"सून. पोटुशी व्हती."

डॉक्टर म्हणाले, "मूल त्यानंच गेलं असं ठाम सांगता येणार नाही. पण तिचं रक्त तपासा, तुमचंही. औषध आहे. नाही घेतलं तर दुखणं अंगात राहतं."

एसटीत ती मनाशी वाक्यं जुळवत होती. नुसतं 'तपासून घे' म्हणावं, कारण कशाला सांगा? साईनाथकडून फोन करवला असता तर? भिसेगाव येईपर्यंत तिनं शंभर सबबी रचल्या.

समीक्षानं दार उघडलं, पाण्याचा तांब्या आणला आणि पाया पडायला वाकली. "आई, मी येते परत. गोठ्याकडं फिरकणारसुद्धा नाही."

गौराबाईला रडूच फुटलं. सबबी कुठल्या कुठे गेल्या. "तुझी सावली नाय गं पोरी. मीच रोग दिला तुज्या हातात." आणि तिनं सगळं सांगून टाकलं, काही न लपवता.

समीक्षानं खाली ठेवलेला तांब्या उचलला. मग म्हणाली, "आजच तपासते."

गौराबाई लगबगीनं उठली. "चल, मी येतंय संगती."

"नको. मी माझ्या आईबरोबर जाईन."