उदगिरातला समुद्र

त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि आम्ही उदगिरात मंडप टाकून बसलो होतो. मागण्या दोन. टँकर वाढवा आणि उदगीर जिल्हा करा. तिथं गुणाबाई आली. आमच्याच बौद्ध वस्तीतली, धुणीभांडी करणारी.

"रामकिशनभाऊ, माणसाला प्यायला न्हाई अन् विरूपाक्षप्पा बांगडीवाला घरात समुद्र पाळून राहिलाय."

डोकं तापायला मला एवढं पुरे होतं. तिला घेऊन तसाच निघालो.

ऊन डोळ्यांत घेऊन अप्पांच्या घरात शिरलो तर खोली निळी. कपाटाएवढी काचेची पेटी, तिच्यातल्या पाण्याचा उजेड आढ्यावर हलत होता. आत दगडादगडांवर मऊ, जाड छत्र्या उगवलेल्या, त्यांच्यावर बारीक बोटं. वाऱ्याचं नाव नाही, तरी सगळं डुलत होतं, हुरड्यात आलेल्या ज्वारीसारखं. मी काय बोलायला आलो होतो ते आठवेना. त्याचाच राग आला.

"झाड हाय का जनावर?" गुणाबाईनं विचारलं.

"जनावर. पोवळ्याच्या जातीचं, पण मऊ," अप्पा म्हणाले.

अप्पांनी जन्मभर बांगड्या भरल्या. बाईचा हात दाबून दाबून असा मऊ करायचे, की काच कधी सरकली ते तिला कळायचं नाही. हैदराबादच्या एका दुकानदारानं त्यांना अंगठ्याएवढा तुकडा दिला होता, त्याची ही सगळी वाढ. एक छत्री त्यांनी बाहेर काढली, ब्लेडनं तिची कड कापली आणि तो तुकडा छोट्या दगडावर ठेवून दोऱ्यानं अलगद बांधला. दगड डाव्या तळहातावर धरलेला, लिंगायत पूजेला इष्टलिंग धरतात तसा.

"एवढं माझ्या भाकरीकडं बघितलं असतं तर," आतून त्यांच्या बायकोचा, रत्नम्माचा आवाज आला.

"पाणी कुठलं?" मी मुद्द्यावर आलो.

"टँकरचं थेंबभर न्हाई. आमच्या दोघांच्या विकतच्या जारमधलं वाचवून टाकतो. आज तोही रिकामा." मग त्यांनी मधली मोठी छत्री दाखवली. तिची बोटं आत गेली होती, अंग सुकल्यासारखं. "ही सगळ्यांची आई. उन्हानं पाणी उडतं, मीठ मागं राहतं. पेटी खारट होत चाललीय. आज साधं पाणी पडलं न्हाई तर ही जाईल, अन् आत्ता बांधलेलं लेकरूही."

गुणाबाई उठली. घरी गेली आणि तांब्याचा तांब्या भरून घेऊन आली. जारमधलंच पाणी, रात्री तांब्याच्या हंड्यात भरलेलं. पेटीवर धरून ओतणार, तोच अप्पांनी तिचं मनगट धरलं.

"नको. तुमच्या हातचं हे नको."

गुणाबाईनं त्यांच्याकडं नीट बघितलं. "बांगड्या भरताना हात चालतो. पाणी चालंना?"

माझ्या आज्याला लोक वरून पाणी ओतायचे, ओंजळीत. ते सगळं माझ्या तोंडी आलं. काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"धातूमुळं म्हणतोय, भाऊ," अप्पा म्हणाले. "तांबं यांना विष हाय."

"सगळं जग तांब्यातलं पितं. तुमच्याच जनावराला बाधतं व्हय?"

अप्पांनी गुणाबाईच्या हातातून तांब्या घेतला आणि पाणी पिऊ लागले. वरून नाही, तोंड लावून. निळ्या उजेडात त्यांचा गळा हलत होता.

रत्नम्मा दारात येऊन उभी होती. "मला ठेवा की जरा," म्हणाली, आणि उरलेलं तिनं तसंच तोंड लावून संपवलं. पदरानं ओठ पुसले.

गुणाबाई रिकाम्या तांब्यात बघत राहिली. "दोघांनीच संपवलं. आता तुमच्या आईला काय पाजू?"

"स्टीलच्या कळशीत आणा. जारमधून थेट," अप्पा म्हणाले.

ती आणायला गेली. मी कुणाकडं बघावं ते न कळून पेटीकडं बघत बसलो. आल्यावर अप्पांनी तिलाच ओतायला लावलं, कोपऱ्यातून, हळूहळू. गोडं पाणी खाऱ्यात उतरताना काचेमागं झळेसारखं थरथरत होतं.

पुढं ती रोज दुपारी कळशी घेऊन यायची. मोठी छत्री काही उघडली नाही. विरघळत गेली आणि एक दिवस अप्पांनी ती हातांनीच बाहेर काढली. त्या दिवशी दुकान बंद ठेवलं.

मग एकदा भर सभेत गुणाबाईनं मला बाहेर बोलावलं. "चला."

दोऱ्यानं बांधलेल्या तुकड्यानं दगड धरला होता. कापलेली कड भरून आली होती आणि अंगावर केसाएवढी बोटं फुटली होती, पाण्याबरोबर हलणारी. अप्पा दोरा कापत होते. दगड गुणाबाईच्या तळहातावर होता, पाण्याच्या आत.

"हलू नका," ते म्हणाले.

"मी कुठं हलून राहिले? हेच हलतंय."

मंडपातून माझ्या नावाचा पुकारा ऐकू येत होता. मी जरा वेळ तिथंच बसलो.