गाळलेले भोपळे

सिंगापूरमधल्या आमच्या बेडोकच्या फ्लॅटमध्ये फ्रीजवर लावलेल्या याद्यांचीही एक यादी आहे. तेव्हा पुढे जे घडलं त्याला माझ्याशिवाय कोणी जबाबदार नाही.

माझी नोकरी तुआसला, पाण्याच्या प्रकल्पांना सल्ला देणाऱ्या कंपनीत. समुद्रापार एका नदीच्या त्रिभुज प्रदेशात एक बोट रोज दहा वेळा जाळं ओढते, त्यात आलेली सॅमन माशांची बोटाएवढी पिल्लं मोजते आणि परत सोडते. ते आकडे नीट लावणं हे माझं काम. पिल्लं समुद्राकडे निघाली, की शेतीसाठी पाणी ओढणाऱ्या कालव्याचे दरवाजे बंद करतात, नाहीतर ती पंपात ओढली जातात. दरवाजे मोजकेच दिवस बंद ठेवता येतात. वेळ चुकली की पिल्लं गेली.

तक्त्यात ओळीमागून ओळ शून्य होती. मला तो गबाळेपणा वाटला. मी त्या सगळ्या ओळी उडवल्या, फाइलला 'स्वच्छ प्रत' असं नाव देऊन ती सगळ्यांना पाठवली आणि मूळ फाइल पुसून टाकली. एकाच गोष्टीच्या दोन प्रती मला बघवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी बोटीच्या प्रमुखाचा फोन आला. एखाद्या दिवशी दहातल्या एका खेपेला पाच चुकार पिल्लं मिळाली होती. उरलेल्या नऊ शून्यांच्या ओळी उडवल्यामुळे माझ्या हिशेबाने खेपेमागे सरासरी पाच. त्या जोरावर पुढच्याच बैठकीत दरवाजे बंद होणार होते. सोमवारी आम्ही कुठे होतो, असं त्याने शांतपणे विचारलं. तक्ता बघून मी ठणकावलं, की सोमवारी तुम्ही बोट काढलीच नाहीत.

"काढली होती," तो म्हणाला. "दहा वेळा जाळं टाकलं, काही आलं नाही. आलं नाही, हेच तर बघायला जातो आम्ही."

स्पीकरवरचं बोलणं ऐकत समोर पोहे खात असलेली मुलगी इथल्या बोलीत म्हणाली, "आई, झीरो पण डेटाच लाह." चौथीतल्या एका भोपळ्यावरून मी तिला आठवडाभर बोलले होते. तो विषय तिने काढला नाही, हे उपकारच.

बोटीवरच्या कागदी नोंदींचे फोटो मागवले. सहकारी हॉकर सेंटरला जेवायला गेले, मी भोपळे भरत बसले. बैठकीच्या आत तक्ता पोचला. थांबायचं ठरलं.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक खेपेला जाळं भरून आलं आणि दरवाजे बंद झाले. त्या ओळी हिरव्या रंगवायचा मोह मी फार कष्टाने आवरला.