प्रमिलाकाकूंचे उपवास

एंडोस्कोपीचा स्कोप पुढे जाईना. मी थोडी हवा सोडली, हलका दाब दिला, पुन्हा पाहिलं. स्क्रीनवर अन्ननलिकेची मोकळी वाट दिसायला हवी होती. तिथे खडबडीत गाठ होती आणि तिच्या कडेला पेन्सिलही जाणार नाही एवढी फट.

प्रमिलाकाकू डाव्या कुशीवर पडून होत्या. मी बायोप्सीसाठी गाठीचे तुकडे घेतले आणि स्कोप बाहेर काढला. उठून तोंड पुसल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं?

"आज सोमवार आहे. ताक घेतलं तर चालेल ना?"

"थोडा वेळ काहीच नाही. घसा बधिर आहे, ठसका लागेल."

मी पोटविकारांची डॉक्टर आहे. जबलपूरच्या एका खाजगी रुग्णालयात बसते. कमानिया गेटचा दुकानदार असो की कुंडमहून आलेला शेतकरी, माझ्याकडे सगळे एकच तक्रार घेऊन येतात: गॅस. छातीत जळलं की गॅस, पोट साफ नाही की गॅस, हार्ट अटॅक आला तरी आधी गॅस. काकूंच्या आधीच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवरही तेच होतं आणि खाली ॲसिडिटीच्या गोळ्या.

अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंतची, वीतभराहून जरा लांब, स्नायूंची नळी. श्वासनलिकेच्या मागे, कण्याच्या पुढे. घास तिच्यातून नुसता खाली पडत नाही, ती तो ढकलत नेते. नळी मऊ असते, ताणली जाते. हा तिचा गुण, आणि घातही त्यातच. आत गाठ वाढत असली तरी बरीचशी वाट बुजेपर्यंत माणसाला पत्ता लागत नाही. मग अडकायला लागतं ते बहुधा एका क्रमाने. आधी पोळी. मग भात. मग खिचडी, लापशी. शेवटी पाणीसुद्धा.

बाहेर काकूंचे यजमान नाना आणि सून शिल्पा बसले होते. मी काही बोलायच्या आत शिल्पाने सुरुवात केली.

"मॅडम, तुम्हीच रागवा यांना. उपवासावर उपवास करून राहिल्या आहेत. वजन उतरणार नाही तर काय!"

"धार्मिक आहे हो ती," नाना म्हणाले. आवाजात कौतुक होतं. "राइट टाउनात आमच्या गल्लीत कोणालाही विचारा. बायका पाया पडून जातात तिच्या."

"पोळी शेवटची कधी खाल्ली त्यांनी?"

"पोळी?" शिल्पा हसली. "आधी फक्त सोमवार होता. मग गुरुवार धरला. चातुर्मासात धान्यच सोडलं. चातुर्मास संपला तरी म्हणे, नर्मदाजींना नवस बोलले आहे, वर्षभर सोडते. मग साबुदाणा जड पडतो म्हणून बंद. मग शिंगाड्याच्या पिठाची खीर. तीसुद्धा म्हणायच्या, अजून पातळ कर. आता ताकावर आहेत."

बोलता बोलता तिचा आवाज हळू होत गेला. शाळेत विज्ञान शिकवते ती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

रिपोर्ट आला, तो कॅन्सरचाच. सीटी स्कॅनमध्ये यकृतावरही डाग होते. म्हणजे ऑपरेशनची वेळ गेली होती. मी नानांना तसंच सांगितलं. गोलगोल बोलून रिपोर्ट बदलत नाही.

"तिला सांगू नका," नाना म्हणाले. "अल्सर है, बोल देंगे."

"नाना, त्यांनी विचारलं नाही तर मी गळ्यात मारणार नाही. विचारलं तर खोटं बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी शिल्पाला खाली औषधं आणायला पाठवलं आणि काकूंच्या खाटेजवळ स्टूल ओढलं.

"काकू, एवढे उपवास काहून धरले?"

त्यांनी पदर सारखा केला. "भाच्याच्या लग्नात पंगतीत घास अडकला. सगळ्यांसमोर बाहेर आला. व्याही, विहीणबाई, सगळे बघत होते. नंतर घरीही तसंच व्हायला लागलं. एकदा ताटावर बसवेना, म्हटलं, आज सोमवार धरला आहे. कोणी एका शब्दाने काही म्हणालं नाही. उलट माझी वाटी वेगळी आली, खीर वेगळी आली. उपवासाच्या बाईला आपल्यात कोणी आग्रह करत नाही ना."

"आणि गोळ्यांनी बरं वाटेना तेव्हा पुन्हा डॉक्टर?"

"नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. मग शिल्पाच्या शाळेच्या परीक्षा होत्या. म्हटलं, चलो, नंतर बघू." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "खोटा उपवास धरला. देवाला आवडलं नसेल, नाही?"

"गाठ आधी झाली काकू, उपवास नंतर. देवाचा त्यात काही संबंध मला तरी शिकवलेला नाही."

"गाठ आहे म्हणजे. अल्सर नाही."

"नाही."

त्यांनी मान हलवली. रडल्या नाहीत. "नानांना सांगू नका मला कळलं म्हणून. त्यांना बरं वाटतंय अल्सर म्हणताना." मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं. "सगळ्यांच्या बरोबर बसून एकदा जेवता येईल का?"

"जाळीची नळी बसवता येईल. आजार जाणार नाही. गिळता येईल."

"पोळी?"

"पोळी नाही. मऊ भात, वरण."

"तूप घालून?"

"घाला."

या नळीला स्टेंट म्हणतात. हृदयात घालतात तो अगदी बारीक, हा बोटापेक्षा जाड. धातूच्या तारांची जाळी मिटवलेल्या छत्रीसारखी आत न्यायची, गाठीच्या मधोमध सोडायची. ती हळूहळू उघडते आणि वाट रुंद करते. पहिले एक-दोन दिवस छातीत दुखतं. काकूंना दुखलं. कुरकुर केली नाही. मला कुरकुर करणारे पेशंट बरे वाटतात, निदान काय चाललंय ते कळतं.

घरी गेल्यावर काही दिवसांनी शिल्पाचा फोन आला. "मॅडम, आई टेबलाशी जेवायला बसल्या. दोनदा भात मागून घेतला. आम्ही कोणीच जेवलो नाही, नुसते त्यांच्याकडे बघत बसलो."

नंतर एकदा त्या पाणीही उतरत नाही म्हणून आल्या. स्कोप घातला तर जाळीत पांढरा गोळा अडकलेला.

"काकू, पोळी खाल्ली?"

"चतकोर," त्या म्हणाल्या. "गरम होती हो."

गोळा काढला. रागावले, पण मनापासून नाही.

होळीच्या आधी त्या घरीच वारल्या. शेवटचे काही दिवस काहीच उतरत नव्हतं. जाळीच्या पलीकडे गाठ वाढली होती.

उन्हाळ्यात नाना ओपीडीत आले. वाळले होते. तक्रार: गॅस. मी पोट तपासलं, काही नव्हतं.

"जेवण?"

"सोमवार धरला आहे, गुरुवारपण. हळूहळू धान्यही सोडीन म्हणतो. तिचं व्रत अर्धं राहिलं ना, तेवढंच माझ्या हातून."

म्हणजे उपवासांचं खरं कारण शिल्पाने त्यांना सांगितलंच नव्हतं. मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"नाना, तुम्हाला पोळी गिळता येते?"

"येते की."

"मग खा. काकूंना येत असती तर त्यांनी यातला एकही उपवास धरला नसता. त्यांना घास अडकायचा आणि ते सांगायची लाज वाटायची."

बाहेर पुढच्या पेशंटला हाक गेली तरी नाना उठले नाहीत.

"आणि मी गल्लीभर सांगत फिरलो," ते म्हणाले.

मी शिल्पाला फोन करून त्यांना न्यायला बोलावलं आणि दुपारी पोळीभाजी वाढ म्हणून सांगितलं.

तेव्हापासून चाळिशी ओलांडलेल्या पेशंटला मी भूक कशी आहे असं विचारत नाही. ताटातलं काय काय सोडलं आणि आधी काय सोडलं, ते विचारते. उत्तरात व्रत आलं, तर नमस्कार करते आणि एंडोस्कोपीची वेळ देते.