‘बेग’ न लिहिलेला अर्ज

तू नोकरीचा अर्ज आजीकडे तपासायला पाठवलास. त्याच्या पहिल्याच ओळीत शक्य झाल्यास कृपा करून माझा विचार व्हावा, अशा अर्थाचं लांबलचक इंग्रजी आहे. ते मी खोडलं. का, ते सांगते. भावंडांनाही वाचून दाखव.

नव्वदच्या दशकात मी देवासच्या एका कारखान्यात इंग्रजी पत्रव्यवहार बघायची. यंत्राचा भाग खराब निघाला की मॅनेजर मला पुरवठादाराला पाठवायच्या पत्राचा मसुदा देत. त्यातलं ‘वी बेग’ काढून मी ‘वी रिक्वायर’, म्हणजे ‘आम्हाला हवंच’, घालायची. ते खूश. “बाई, तुमचं पत्र गेलं की समोरचा सरळ होतो.”

पण मी होते टेम्पररी. कायम होण्यासाठी दरवर्षी अर्ज द्यायचा, तोही ठरलेल्या साच्यात: ‘आय मोस्ट हम्बली बेग’. बेग म्हणजे भीक मागणं, पण अर्जात ते कुणाला दिसतच नसे. मी ‘आय अप्लाय’, अर्ज करते, एवढंच लिहिलं.

बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणाले, “अरे मॅडम, सब यही लिखते हैं। आपका क्या जाता है?”

“और न लिखूँ तो किसका जाता है?”

“साहब का मूड.”

साहेबांनी, म्हणजे त्याच मॅनेजरांनी, बोलावलं. “एवढा एक शब्द बदला, आत्ता सही करतो.”

“बाहेर रिक्वायर लिहिते तो हाच हात. त्याच हाताने आत बेग कसं लिहू?”

“बाहेरचे बाहेरचे. इथे मी आहे.”

“म्हणूनच अप्लाय लिहिलं. नाहीतर रिक्वायरच लिहिलं असतं.”

अर्ज ड्रॉवरमध्ये गेला. बाकीचे कायम झाले.

रविवारी धारला माहेरी गेले. नाना, म्हणजे माझे वडील, धारच्या महाराजांच्या कचेरीत होते, संस्थान गेल्यावरही. मला इंग्रजी त्यांनीच शिकवलं. वाटलं, पाठ थोपटतील.

“लिहून टाकायचंस,” ते म्हणाले. “मी जन्मभर लिहिलं. तुमची शिक्षणं त्यावरच झाली.”

“तुमच्यासमोर महाराज होते, नाना. माझ्यासमोर माझ्यासारखाच पगारदार आहे.”

त्यांनी चहा मागितला. विषय संपला.

पुढच्या वर्षी तोच अर्ज तारीख बदलून दिला. त्याच्या पुढच्या वर्षीही. बडेबाबू हात पुढे करतानाच विचारत, “वही वाला?”

“वही वाला.”

शेवटी एकदा त्यावर सही झाली. साहेब तेच होते. कागद देताना म्हणाले, “तुम्ही काही बदलणार नाही.”

“नाही,” मी म्हटलं.

मधली वर्षं कमी पगारात काढली. तुझ्या आईला विचार, तिला आठवतील. तरीही तुझ्या अर्जात मी ‘आय अप्लाय’च लिहिलं आहे. नोकरी हुकली तर खुशाल माझं नाव सांग.